गिंपल मूर्ख नव्हे, भोळा

अण्णांनी मला भट्टीपाशी थांबवलं.

"थांब. काय म्हणालीस? भट्टी फुटली? रात्री?"

"हो. भट्टी फुटली आणि बेकरीला आग लागता लागता राहिली, असं लिहिलंय."

"मग त्या रात्री पाव नाही. मग हा घरी जाणार." अण्णा क्षणभर गप्प बसले. "आणि घरी कुणीतरी असणार."

होतंच. गिंपल घरी गेला, आणि अंथरुणातून त्याला एक नाही, दोन घोरणी ऐकू आली. मी पुढची ओळ वाचायच्या आधीच अण्णांना ती कळली होती. कारण चाळीस वर्षं त्यांनीही बेकरीत रात्रपाळी केली आहे. भट्टीच्या कमानीची वीट तडकली की काय होतं, मळलेल्या पिठाचं काय करायचं, कामगार अवेळी घरी पोचला की घर कसं दचकतं, हे त्यांना पाठ आहे. काचबिंदूनं त्यांची नजर गेल्यापासून रोज संध्याकाळी मी त्यांना वाचून दाखवते. इंग्रजी पुस्तक असलं की आधी परिच्छेद मनात वाचते आणि मग मराठीत सांगते. गेले तीन आठवडे आम्ही असं एक पुस्तक वाचतोय. त्याच्याबद्दल मला मनापासून लिहायचं आहे.

पुस्तक म्हणजे आयझॅक बाशेविस सिंगर यांचा 'गिंपल द फूल अँड अदर स्टोरीज' हा कथासंग्रह. इंग्रजीत तो १९५७ साली आला. त्यात अकरा कथा आहेत. सिंगर पोलंडमधल्या एका रब्बीच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूच्या, घरात जन्मले आणि वॉर्सॉच्या क्रोचमाल्ना रस्त्यावर वाढले. पौगंडावस्थेतली काही वर्षं ते आईबरोबर तिच्या माहेरी, बिल्गोराय नावाच्या लहानशा गावात राहिले. १९३५ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि शेवटपर्यंत यिद्दिश या पूर्व युरोपातल्या यहुद्यांच्या भाषेतच लिहीत राहिले. १९७८ साली त्यांना नोबेल मिळालं. चरित्र एवढं पुरे. महत्त्वाचं ते बिल्गोराय. या कथांमधली फ्राम्पोल, क्राश्निक, यूझेफूव ही गावं त्याच मुलखातली, नकाशावर बोट ठेवून दाखवता येतील अशी. लेखकानं ती कल्पनेतून उभी केलेली नाहीत.

अशा गावाला यिद्दिशमध्ये 'श्टेटल' म्हणतात. 'श्टोट' म्हणजे शहर, आणि 'श्टेटल' हे त्याचं लहान, लाडिक रूप. पहिले दोन दिवस मी सरळ 'खेडं' म्हणत होते. अण्णा म्हणाले, "खेडं म्हणतेस, पण शेतं कुठायत? सगळे चांभार, शिंपी, पाणके, दुकानदार." खरंच होतं ते. श्टेटलमधल्या बहुतेक यहुद्यांकडे जमीन नव्हती. आजूबाजूच्या खेड्यांतले पोलिश ख्रिस्ती शेतकरी बाजाराच्या दिवशी गाड्या भरून यायचे, माल विकायचे आणि बूट, कापड, मीठ घेऊन परत जायचे. मधोमध बाजाराचा चौक, जवळ प्रार्थनामंदिर, पोरांची धार्मिक शाळा, धार्मिक स्नानाची जागा आणि गावाबाहेर कब्रस्तान. मग मला आपला शब्द सापडला : कसबा. खेड्याहून मोठा, शहराहून लहान, भोवतालच्या वाड्या ज्याच्यावर चालतात तो. 'कसबा' म्हटल्यावर अण्णांच्या डोळ्यांसमोर अख्खं फ्राम्पोल उभं राहिलं. नंतर त्यांनी मला एकदाही गावाचा नकाशा विचारला नाही.

आता शीर्षककथा. गिंपल हा फ्राम्पोलचा अनाथ पोरगा, पुढे बेकर. गावानं त्याला सात नावं ठेवली आहेत आणि त्यातलं शेवटचं चिकटलं आहे. पोरं त्याला सांगतात, रब्बीची बायको बाळंत झाली. तो शाळेला जात नाही, आणि ते खोटं निघतं. मोठे सांगतात, मसीहा आला, तुझे आईबाप कबरीतून उठले. त्यालाही ठाऊक असतं की असं काही झालेलं नाही. पण झालंच असेल तर? बघून यायला काय जातं? तो जातो आणि गाव हसतं. मग गाव त्याचं लग्न एल्काशी लावून देतं. लग्नाला जेमतेम चार महिने होतात आणि तिला मूल होतं. एल्का म्हणते, दिवस भरायच्या आधी झालं. तो विश्वास ठेवतो. त्याचा विश्वास कुठल्या जातीचा आहे, हे समजून घेणं म्हणजेच ही कथा वाचणं.

आणि इथेच मला शीर्षकाशी भांडायचं आहे. कथा यिद्दिशमध्ये १९४५ साली छापली गेली तेव्हा तिचं नाव होतं 'गिंपल ताम'. 'ताम' हा हिब्रूतून आलेला शब्द. त्याचा अर्थ सरळ, निष्कपट, आणि मुळात 'पूर्ण, अखंड' असाही. बायबलमध्ये याकोबाला 'ताम' म्हटलंय, ईयोबालाही. वल्हांडण या यहुदी सणाच्या रात्री घरोघर वाचतात त्या पोथीत चार मुलगे आहेत. त्यातला तिसरा 'ताम'. तो एवढंच विचारतो, "हे काय आहे?" मूर्खासाठी यिद्दिशमध्ये वेगळा शब्द आहे, 'नार'. कथेच्या पहिल्या दोन वाक्यांत लेखकानं हे दोन शब्द समोरासमोर ठेवले आहेत : मी गिंपल ताम आहे, मी काही स्वतःला नार समजत नाही. इंग्रजीत दोन्हींच्या जागी 'फूल' आलं आणि वाक्य स्वतःशीच अडखळलं. मी मूर्ख गिंपल, मी स्वतःला मूर्ख समजत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याला आपलं आपल्यालाच कळत नाही.

मराठीत मला एक क्षणही अडायला झालं नाही. "मी गिंपल भोळा. मी काही स्वतःला मूर्ख समजत नाही." आपल्याकडे भोळा आणि मूर्ख यांच्यात पूर्वापार एक भिंत आहे. शंकराला आपण भोळा म्हणतो, मूर्ख म्हणायची कुणाची छाती होणार नाही. भोळ्याला फसवलं की पाप फसवणाऱ्याच्या माथी जातं. मूर्खाला फसवलं तर लोक म्हणतात, बरी अद्दल घडली. अख्खी कथा या भिंतीवर उभी आहे आणि इंग्रजी शीर्षकानं ती पहिल्याच पानावर पाडली. अलीकडे या कथेची एक द्वैभाषिक आवृत्ती निघाली आहे. तिच्या नावात 'फूल' काढून 'सिंपल' घातलं आहे, आणि त्यात लेखकानं स्वतः सुरू केलेला इंग्रजी अनुवादही आहे. ज्यांना एकच कथा मनापासून वाचायची आहे त्यांनी ती घ्यावी.

तरी जुन्या अनुवादाबद्दल मला आदर आहे. तो अमेरिकन कादंबरीकार सॉल बेलो यांनी केला आणि १९५३ मध्ये 'पार्टिझन रिव्ह्यू' या नियतकालिकात छापून आला. त्यामुळे इंग्रजी वाचकांना सिंगर कळले. बेलो टाइपरायटरसमोर बसायचे आणि एलिएझर ग्रीनबर्ग हे यिद्दिश कवी त्यांना मूळ मजकूर वाक्यावाक्यानं मोठ्यानं वाचून दाखवायचे. एकजण वाचतोय, दुसरा ऐकून आपल्या भाषेत घेतोय. हे कळलं तेव्हा मी अण्णांच्या खाटेशेजारच्या आमच्या त्या खुर्चीकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. कानातून हातात आलेली भाषा आहे ती, म्हणून ती बोलते. मी मराठी करताना ती मला कुठेच अडवत नाही. संग्रहातल्या बाकीच्या कथा वेगवेगळ्या अनुवादकांनी केल्या आहेत आणि ते जाणवतं. काहींत वाक्यं ताठर आहेत. सांगताना मला ती दोनदा मोडून बांधावी लागली.

बेकरीचे तपशील मी मुद्दाम अण्णांकडून तपासून घेतले. गिंपल आठवडाभर बेकरीतच झोपतो आणि शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो त्या शुक्रवारच्या रात्री घरी येतो. ते त्यांना पटलं. दुसरी गोष्ट त्यांना फार आवडली. शब्बाथला चूल पेटवायची नाही असा नियम. म्हणून त्या गावांतल्या बायका शुक्रवारी आपापली भांडी बेकरच्या भट्टीत ठेवून जायच्या आणि दुसऱ्या दिवशी गरम जेवण घरी न्यायच्या. एल्कावर जीव जडलेला गिंपल तिच्यासाठी या प्रत्येक भांड्यातलं थोडं थोडं काढून नेतो. अण्णा इतके हसले की ठसका लागला. मग म्हणाले, "म्हणजे गावातल्या प्रत्येक घरात आज काय शिजलंय हे एका बेकरलाच माहीत. आणि तोच येडा म्हणे." मी दहा समीक्षा वाचल्या असत्या तरी हे वाक्य मला मिळालं नसतं.

एल्का मरताना सांगते की मुलं त्याची नाहीत. तिच्या मृत्यूनंतर सैतान गिंपलच्या कानाशी लागतो : एवढी वर्षं या गावानं तुला फसवलं, आता तू त्यांना फसव. दिवसभर साठलेली मुताची बादली पिठात ओत आणि शहाण्यांना घाण खाऊ दे. गिंपल ओततो. पाव भट्टीत जातात. त्याचा डोळा लागतो आणि स्वप्नात एल्का येते, कफनात, काळ्याठिक्कर चेहऱ्यानं. ती विचारते ते एवढंच, की मी खोटी होते म्हणून सगळंच खोटं झालं का? तो उठतो, पाव अंगणात नेतो आणि गोठलेल्या जमिनीत खड्डा खणून पुरतो. हाताखालचा पोरगा येऊन बघतो आणि पांढराफटक पडतो.

इथे मी थांबले, कारण अण्णा उठून बसले होते. त्यांनी विचारलं, "किती पाव होते?" कथेत आकडा नाही. ते स्वतःशीच हिशेब करू लागले, एवढ्या गावाला एका भट्टीचे किती, पीठ किती, लाकूड किती, किती तासांचं काम. मग म्हणाले, "गोठलेली जमीन खणायला त्याला पाव भाजण्यापेक्षा जास्त वेळ लागला असेल." त्यांच्या उभ्या आयुष्यात करपलेला पाव त्यांनी गुरांना घातला आहे, भिजवून कोंबड्यांना घातला आहे. पुरलेला नाही कधी. हा पाव कोंबडीलाही घालता येत नाही, हे त्यांना चटकन उमगलं आणि त्या एका गोष्टीनं त्यांना हलवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो भाग पुन्हा वाचायला लावला.

दुसरी कथा जी मी कुणालाही आधी वाच म्हणून सांगेन ती 'द लिटल शूमेकर्स'. फ्राम्पोलच्या टेकडीवरचं चांभारांचं घराणं. त्यांचा मूळपुरुष कझाक सरदार ख्मेलनित्स्कीच्या उठावात झालेल्या यहुद्यांच्या कत्तलींनंतर, म्हणजे सतराव्या शतकाच्या मध्यावर, गावात येऊन राहिला. पिढ्यान्‌पिढ्या तेच घर, तेच रापी-हातोडा. शेवटचा आब्बा आणि त्याचे सात मुलगे. मोठा अमेरिकेला जातो, मग एकामागून एक सगळे जातात. म्हातारा घर सोडत नाही. १९३९ मध्ये विमानं येतात आणि घर उरत नाही. आता हे गोष्टीतलं झालं. पण खरं फ्राम्पोलही त्याच वर्षी सप्टेंबरात जर्मन बॉम्बफेकीत जवळजवळ बेचिराख झालं, आणि १९४२ मध्ये तिथल्या यहुद्यांना नाझींनी संपवलं. युद्धाआधी पोलंडमध्ये सुमारे तेहतीस लाख यहुदी होते, त्यातले सुमारे तीस लाख मारले गेले. सिंगर न्यूयॉर्कमध्ये बसून ज्या गावांबद्दल, ज्या भाषेत लिहीत होते, ती गावं तर गेलीच, ती भाषा बोलणारे गल्लीबोळही गेले. लेखक हे सांगत बसत नाही. त्याचं मला विशेष वाटतं. तो फक्त आब्बाला न्यू जर्सीत मुलांच्या मोठ्या घरात आणून ठेवतो. तिथे त्याला काही कळेनासं होतं, आपण मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, आलोय असं वाटतं. मग एक दिवस कपाटात त्याला त्याची हत्यारांची पिशवी सापडते. पुढचं मी सांगत नाही. रविवारी काय होतं ते तुम्ही स्वतः वाचा.

लोककथा, भुतंखेतं या अंगानं पुस्तक हातात घेणाऱ्यांना 'द जंटलमन फ्रॉम क्रॅको' आणि 'द मिरर' या दोन कथा पुरून उरतील. पहिलीत दुष्काळानं पिचलेल्या फ्राम्पोलमध्ये एक देखणा, श्रीमंत तरुण डॉक्टर येतो आणि पैसा उधळू लागतो. गावातल्या पोरी रेशीम घेतात, पुरुष पत्ते कुटतात. एकटा म्हातारा रब्बी ओरडत राहतो. तो पाहुणा कोण हे वाचकाला आधीच कळतं, पण गावाला कळत नाही. त्या मधल्या अवधीत जी भीती आहे ती खास आहे. दुसरीत आरशात राहणारा सैतानाचा हस्तक स्वतःच गोष्ट सांगतो. लाडीगोडीनं, म्हणी पेरत, पोथ्यांतले दाखले देत बोलतो. त्याचा आवाज काढायला मला फार मजा आली.

ही भुतं कुठून आली, याची थोडी माहिती असली तर वाचन खोल जातं. बाळंतिणीच्या खोलीत भिंतीला मंत्र लिहिलेले कागद लावायचे, लिलिथ नावाच्या हडळीनं बाळ नेऊ नये म्हणून. तालमूद या यहुदी धर्मग्रंथात म्हटलंय की पिशाच्चं आली होती का हे पाहायचं असेल तर रात्री बिछान्याभोवती चाळलेली राख पसरावी, सकाळी कोंबड्याच्या पायांसारखे ठसे दिसतात. अण्णांना यातलं काहीही समजावून सांगावं लागलं नाही. पिंपळावरचा मुंजा ज्यांनी लहानपणी घाबरत घाबरत ओलांडलाय, त्यांना राखेतले ठसे लगेच दिसतात.

'जॉय' ही लहान कथा मी दोनदा वाचली. एका मागून एक मुलं गमावलेला रब्बी, ज्याचा देवावरचा विश्वासच उडतो. 'द ओल्ड मॅन'मधला नव्वदीचा मोशे बेर पहिल्या महायुद्धात वॉर्सॉहून थंडीत चालत निघतो आणि शेवटी त्याला जे मिळतं त्यानं अण्णा दिवसभर खूश होते. 'फायर' ठीक. 'फ्रॉम द डायरी ऑफ वन नॉट बॉर्न' मला जड गेली, मी मधली दोन पानं सोडली.

आणि एक गोष्ट मला खुपली, ती लिहिते. या कथांमधल्या बायका. एल्का बोलते तेव्हा जिवंत आहे, तिच्या शिव्यासुद्धा खणखणीत आहेत. पण संग्रहभर सैतानाला आत यायचं असलं की दार बहुतेक वेळा बाईच असते, तिचा आरसा, तिचा दागिना, तिचा एकटेपणा. त्या काळच्या लोककथा अशाच होत्या, हे मी समजू शकते. तरी 'द मिरर'मधल्या झिरेलला कंटाळा का येतो, एवढी शिकलेली बाई माळ्यावर आरशासमोर का जाऊन बसते, याकडे लेखकानं अजून एक पान थांबून पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. सिंगर यांच्याच घरातली, त्यांची थोरली बहीण एस्टर क्रेइटमनही यिद्दिशमध्ये लिहायची. तिचं लेखन मी आता शोधते आहे.

प्रतीबद्दल. मी ऑनलाइन जुनी प्रत मागवली. विक्रेत्यानं 'चांगल्या अवस्थेत' म्हटलं होतं. तिसऱ्या संध्याकाळी डिंक सुटला आणि मधली पानं माझ्या मांडीवर आली. दोन पत्रांना उत्तर नाही. मी स्वतः दोऱ्यानं शिवून घेतली. टाइप बारीक आहे, पिवळ्या दिव्यात डोळे ताणतात. माझ्या प्रतीत शेवटी शब्दार्थही नाहीत. मिक्वे (धार्मिक स्नानाची जागा), हेडर (पोरांची धार्मिक शाळा), डिबूक (अंगात शिरणारं भूत) असे शब्द ज्यांना नवे आहेत त्यांनी शेजारी एक वही ठेवावी. नवी प्रत घेता आली तर नवीच घ्या.

क्रम बदलून वाचलं तरी चालतं. आधी गिंपल, मग चांभार, मग क्रॅकोचा पाहुणा. 'द अनसीन' लांब आहे, ती सुट्टीच्या दिवशी घ्या, मध्ये सोडू नका. मोठ्यानं वाचता आलं तर मोठ्यानंच वाचा, ऐकणारा एकजण असला तरी पुरे.

मूळ यिद्दिशमधलं पहिलं वाक्य मी अण्णांना म्हणून दाखवलं होतं. ते त्यांनी उचललं. आता दिवेलागणीला स्वयंपाकघरापर्यंत त्यांची हाक येते, "इख बिन गिंपल ताम," म्हणजे मी हात पुसून पुस्तक घेऊन बसायचं.